रंगीत काचांची निगा

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालयात रंगीत तावदानांतून उतरणारा प्रकाश ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आपल्या घरच्या दारावरील तशाच काचांचे मोल वेगळे सांगावयास नको. परंतु निळा रंग जरी कोबाल्टच्या योगाने काचेच्या अंगीच मुरलेला असला, तरी तिच्यावरील नक्षीच्या रेषा पुष्कळदा पृष्ठभागावर रेखून भट्टीत भाजलेल्या असतात, आणि तुकड्यांना सांधणारी शिशाची पट्टी तर अंगठ्याच्या दाबानेही वाकावी इतकी मऊ असते. म्हणून अमोनिया वा व्हिनेगर यांचे द्रावण सर्वथा वर्ज्य मानावे. प्रथम मृदू कुंचल्याने धूळ झाडावी, रंगलेप सुटत नाही अशी खातरजमा करावी, आणि मगच ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने, दुसऱ्या हाताचा मागून आधार देत, एकेक तुकडा हलकेच टिपावा. शिशाचा अंश पोटात जाऊ नये यास्तव नंतर हात साबणाने धुवावेत. तावदान फुगलेले वा भेगाळलेले दिसल्यास ते जाणत्या कारागिराच्या हवाली करावे. ज्याचे जतन करावयाचे त्याची प्रकृती आधी ओळखावी, हा दंडक काचेइतकाच आप्तांच्या बाबतीतही पाळण्याजोगा आहे. कारण अतिउत्साही हाताने केलेली हानी सदिच्छेने भरून निघत नाही.