कारागीर पित्याचे स्मरण

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात नासरेथकर आपल्या प्रभूला सुतार म्हणून ओळखतात. मत्तयाच्या १३ व्या अध्यायात तेच लोक त्याला सुताराचा पुत्र म्हणतात. दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन याने, येशू नांगर व जू घडवीत असे, असे लिहून ठेविले आहे. जू वाकडे उतरले तर बैलाच्या खांद्याची काय दशा होते, हे तुम्हां शेतकऱ्यांस मी काय सांगावे? आणि ज्या योसेफापासून प्रभू हे काम शिकला असावा, त्याच्या तोंडचा एक शब्दही शास्त्रात नमूद नाही. त्याची कृत्ये तेवढी आहेत.

पुण्यास नारायण पेठेत असाच एक अल्पभाषी पिता राहत असे. त्यांचे नाव छापू नये, अशी त्यांच्या मुलांची इच्छा आहे. वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचे एक लेथ यंत्र होते. पेठेतील छापखान्यांचे दांडे आणि खेड्यांतून येणाऱ्या तेलइंजिनांचे बुश ते त्यावर करीत. रविवारी मुलांस घेऊन गुरुवार पेठेत पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयात ते पायी जात.

एकदा एका शेतकऱ्याच्या इंजिनाचा पितळी बुश केसभर सैल उतरला. थोरला मुलगा म्हणाला, “बाबा, चालेल की! दोनतीन महिने तरी कोणाला कळणार नाही.” त्यांनी तो भंगारात टाकिला व नवे पितळ आणिले. ते पैसे त्याच मुलाच्या शाळेच्या फीचे होते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुख्याध्यापकांकडे मुदत मागावयास गेले. मुलगा दाराबाहेर उभा होता. अशा वेळी मुलाच्या मनात बापाविषयी राग येतो, आणि तो आलाही. पुष्कळ वर्षांनी त्यानेच हे मला सांगितले.

मग १२ जुलै १९६१ चा बुधवार उजाडला. सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्याचे दगडी धरणही गेले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. लेथ यंत्र बुडाले. पाणी ओसरल्यावर त्याच्या दातऱ्यांत गाळ बसला होता, आणि ओल्या लोखंडाला गंज चढावयास किती वेळ लागतो? रविवार आला तेव्हा काम अर्धेच झाले होते. उपासनेस जावे की यंत्र वाचवावे? ते पहाटे उठले, उरलेला गाळ खरवडून सर्व भागांस तेल लाविले, आणि मागून आणलेल्या कपड्यांत मुलांसह देवालयात गेले.

त्या सकाळच्या कामास कोणी शब्बाथभंग म्हणेल. मी म्हणणार नाही. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल कोण वर काढणार नाही, असे प्रभूनेच लूकाच्या १४ व्या अध्यायात विचारिले आहे. आणि ज्याच्यावर घर चालते ते यंत्र कारागिराचा बैलच होय.

उपासनेनंतर ते शेजारच्या एका विधवा बाईच्या शिवणयंत्रास लागले. ती ख्रिस्ती नव्हती. तिचे यंत्र संध्याकाळपर्यंत चालू झाले; मग गल्लीतील इतरही आपापली यंत्रे घेऊन आले. त्या महिन्यात त्यांनी कोणाकडून पैसा घेतला नाही. पुढील महिन्यापासून मात्र घेतला, कारण घरात पाच मुले होती.