आधी कळू दे: गुठळी की रक्तस्राव

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली काय नि फुटली काय, बाहेरून माणूस सारखाच दिसतो. तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड. भिवंडीत रात्रपाळीला मागावर उभ्या असलेल्या कामगाराला असं झालं, की भोवतालचे अंगावरून वारं गेलं म्हणतात. कुणी तेल चोळायला बसतं, कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आत नेमकं काय झालंय हे जिवंत माणसात सरळ पाहण्याची सोय १९७१ पर्यंत डॉक्टरांकडेही नव्हती.

स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेपफर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे दाखवलं, की अशा काही झटक्यांमागे मेंदूतला रक्तस्राव असतो. पण तो कळायचा मृत्यूनंतर. पुढे शस्त्रक्रिया धीट झाली, तेव्हा सांडलेलं रक्त काढून टाकावं हा विचार सरळच होता. लंडनचे वायली मॅकिसॉक यांनी तो तपासून पाहिला. १८० रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींवर नाही, आणि १९६१ मध्ये जाहीर केलं की शस्त्रक्रियेने फायदा दिसत नाही. एका शल्यविशारदाने आपल्याच हत्याराची अशी परीक्षा घ्यावी आणि प्रतिकूल निकाल छापावा, याचं मोल मला फार वाटतं. ते ज्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात काम करत, तिथेच १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. ताजं रक्त पांढरं दिसू लागलं.

तिथून वाटा फुटल्या. गुठळीची वाट वेगाने पुढे गेली. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीने सिद्ध केलं, की तीन तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर अपंगत्व कमी राहतं. २०१५ मध्ये नळी घालून गुठळी ओढून काढण्याचं तंत्रही चाचण्यांत उतरलं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला भारतात पक्षाघातासाठी २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

रक्तस्रावाच्या वाटेवर मात्र निराशाच निराशा. २००५ मध्ये २७ देशांतल्या १,०३३ रुग्णांवरच्या 'स्टिच' चाचणीचा निकाल आला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांत २६ टक्के चांगले सावरले, आधी औषधोपचारांवर ठेवलेल्यांत २४ टक्के. मॅकिसॉक यांचंच उत्तर, चाळीस वर्षांनी, सीटीच्या साक्षीने. मग संशोधकांनी प्रश्न बदलला. सांडलेलं रक्त काढण्याऐवजी आणखी सांडू नये म्हणून काय करता येईल? २०१३ च्या 'इंटरॅक्ट-२' मध्ये रक्तदाब झपाट्याने उतरवून पाहिला. फायद्याचा कल दिसला, निर्विवाद पुरावा हुकला. २०२३ मध्ये 'इंटरॅक्ट-३' ने भारतासह दहा देशांतल्या सात हजारांवर रुग्णांत चार साध्या गोष्टी एकत्र केल्या: तासाभरात वरचा रक्तदाब १४० खाली, साखर आटोक्यात, ताप उतरवलेला, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम उलटवलेला. रुग्ण अधिक चांगले सावरले. २०२४ मध्ये मेंदूच्या बाहेरच्या थराजवळच्या रक्तस्रावात लहान छिद्रातून केलेली शस्त्रक्रियाही उपयोगी ठरली. पण त्या चार गोष्टींना मेंदूचा शल्यविशारद लागत नाही, आणि आपल्या भिवंडीसारख्या गावांसाठी हाच या संशोधनाचा गाभा आहे.

मग या गोष्टी रुग्णवाहिकेतच का सुरू करू नयेत? चीनमध्ये रक्तदाबापुरतं तेही करून पाहिलं. २०२४ च्या 'इंटरॅक्ट-४' मध्ये सीटीआधीच रक्तदाब उतरवला. रक्तस्राव असलेल्यांना फायदा झाला, गुठळीवाल्यांचं नुकसान झालं, आणि एकूण बेरीज शून्य. सीटी चुकवून पुढे जाता येत नाही.

पण सीटीपर्यंत पोचतं कोण? महाराष्ट्रातले दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहा. डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटाने २००५-०६ मध्ये मुंबईच्या वांद्रे-खार-सांताक्रूझ भागात केलेल्या पाहणीत पहिल्यांदा झटका आलेल्या ४५६ रुग्णांपैकी सुमारे ८९ टक्क्यांचा सीटी झाला होता. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांत २०११ ते २०१३ दरम्यानचे मृत्यू तपासले. पक्षाघात हे मृत्यूचं पहिलं कारण निघालं, आणि त्यातले ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते.

भिवंडी नकाशावर मुंबईजवळ आहे. पण परगावाहून एकट्या आलेल्या, मागासाठी कांड्या भरणाऱ्या कामगाराला, गोदामातल्या हमालाला, वर्षानुवर्षं रक्तदाब न मोजलेल्या माणसाला ती जवळीक आपोआप लाभत नाही. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक कारखान्यात आणि गोदामात महिन्यातून एकदा रक्तदाब मोजला जावा. गावातलं कुठलं रुग्णालय रात्री तीन वाजताही सीटी करतं, हे मुकादमाच्या टेबलावर लिहिलेलं असावं. आणि वाचणाऱ्यांनो, रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून थांबवू नका. समोरच्याचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर १०८ ला फोन करा, लक्षणं सुरू झाल्याची वेळ टिपून ठेवा आणि सीटी होईपर्यंत त्याला ॲस्पिरिनसुद्धा देऊ नका.