संघाला पत्ता हवा

देवळाली कॅम्प, नाशिक

चि. बंड्यास,


तुझं पत्र पोचलं. अभ्यासाबद्दल दोन ओळी आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमबद्दल चार पानं, हे प्रमाण मी तुझ्या आईच्या कानावर घातलेलं नाही. दिवाळीत येऊन कॅम्पात फुटबॉल क्लब काढायचा, पत्रकावर ‘शंभर वर्षांची परंपरा’ असं छापायचं आणि त्या परंपरेचा मजकूर मी पुरवायचा, असा तुझा बेत दिसतो. मजकूर देतो, पण ते शंभर वर्षांचं काही छापू नकोस. कॅम्पात फुटबॉल जुना आहे, क्लबची परंपरा मात्र नाही. ती का नाही, हे कळलं तर तुझ्या क्लबचं काही खरं आहे.

इंग्रजांच्या काळात देवळाली म्हणजे गोऱ्या पलटणींचं येण्याजाण्याचं ठाणं. मुंबईला बोटीतून उतरलेले सोल्जर इथं येऊन पडत आणि इथून पुढं देशभर रवाना होत. मुदत संपलेले परतीच्या बोटीची वाट बघत इथंच दिवस काढत. रिकाम्या सोल्जरच्या पायाशी चेंडू असलेला साहेबाला बरा वाटे, नाहीतर त्याच्या हातात बाटली असायची. त्या वेळचा या भागातला मोठा फुटबॉलही मुळात पलटणींचाच. मुंबईचा रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी वूस्टरशर रेजिमेंटनं नेला. तो हिंदी संघाच्या हाती लागायला 1937 साल उजाडावं लागलं. तो संघ बंगलोर मुस्लिम्स.

पुढं काकूलची स्कूल ऑफ आर्टिलरी इथं आली. गोरे गेले, आपले जवान आले, मैदानावरचा खेळ चालूच राहिला. आम्ही पोरं गोलपोस्टच्या मागं उभी राहून बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचो. तो जाड चामड्याचा, दोरीनं आवळलेला. पावसात भिजला की असा जड व्हायचा की हेडर मारणाऱ्याचं कौतुक वाटण्याऐवजी काळजी वाटायची. एखाद्या उंच पंजाबी बॅकवर आमचा जीव जडावा, त्याच्यासारखं पायात पाय घालायला शिकावं, तोवर त्याचा कोर्स संपलेला असे किंवा त्याच्या युनिटची बदली झालेली असे. पुढच्या हंगामात सगळे चेहरे नवे. आमचाही एक संघ होता. नीळ घातलेले बनियन ही जर्सी आणि ज्याच्या घरी चेंडू तो कॅप्टन. त्याच्या वडिलांची बदली झाली, चेंडू ट्रंकेत गेला आणि संघही त्याच गाडीनं देवळाली स्टेशनातून निघून गेला. इथं सगळंच बदलीवर असायचं. आजारी माणसंसुद्धा हवापालटाला सॅनेटोरियममध्ये यायची आणि बरी होऊन परत जायची.

मुंबईत कंपन्यांचे संघ होते. त्यांच्याकडे पैसा होता, नोकऱ्या होत्या, पण तिथंही बिऱ्हाड भाड्याचंच. महिंद्राचा संघ 1962 पासूनचा. 2005–06 ची राष्ट्रीय लीग त्यांनी जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीनं संघ बंद केला. कारखाना चालू, संघ बंद. विजेत्या संघाच्या बाबतीतही हे होऊ शकतं, हे तुझ्या वयाला पटणार नाही, पण ध्यानात ठेव.

आता तू ज्या गावात बसला आहेस तिथलं बघ. नोकरीच्या निमित्तानं मी कोल्हापुरात राहिलो आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. फुटबॉलच्या संघांना तालमीची नावं कशी, असा प्रश्न तुला पडला नाही का? शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमी भरभराटीला आल्या. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवं घर बांधावं लागलं नाही. तालमीची इमारत होती, पोरांना पहाटे उठवणारे वस्ताद होते, दारोदार वर्गणी मागायची सवय होती आणि पलीकडच्या पेठेशी पिढीजात ईर्षाही होती. मातीत उतरणारी पोरं तीच, गणपतीच्या मिरवणुकीत नाचणारी तीच आणि हंगाम लागला की बूट घालणारीही तीच. म्हणून खेळाडू बदलतो, कुणी नोकरीला जातो, कुणी गुडघा मोडून घरी बसतो, तरी तालीम चौकातच राहते. गुडघा मोडलेलासुद्धा संध्याकाळी तिथंच येऊन बसतो आणि नव्या पोरांना शिव्या देतो. क्लबचा इतिहास या माणसाच्या तोंडात असतो. आमच्या कॅम्पात तो माणूसच कधी तयार झाला नाही.

शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातला सामना तू पाहिलास आणि अंगावर काटा आला म्हणतोस. येणारच. पण त्या ईर्षेपायी स्टेडियमात दगड आणि बाटल्याही आल्या आहेत, सामने अर्धवट थांबले आहेत, हेही तिथल्या जुन्या लोकांना विचार. तू लिहितोस की ‘आपल्या कॅम्पात अशी ईर्षा हवी’. मला ती अर्धीच हवी आहे. उरलेली अर्धी कोल्हापूरकरांनाच लखलाभ. हंगामापुरते परदेशी खेळाडू आणायची जी चाल तिथं पडली आहे, तिच्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. पेठेचा संघ म्हणायचा आणि गोल करायला माणूस नायजेरियातून आणायचा, तर पेठेतल्या पोरानं बाकावर बसून काय शिकायचं? तरी त्याच गावाच्या मातीतला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हेही खरं.

आणखी एक उदाहरण, मग तुझ्या कामाचं सांगतो. 29 जुलै 1911 ला मोहनबागाननं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, हे सगळे सांगतात. मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. मोहनबागान 1889 मध्ये उत्तर कोलकात्यातल्या एका वस्तीतून निघालं, नावसुद्धा तिथल्या एका वाड्याचं. ईस्ट यॉर्कशर रेजिमेंट 1958 मध्ये दुसऱ्या एका रेजिमेंटबरोबर एकत्र केली गेली, तिचं स्वतंत्र नाव उरलं नाही. वाड्याच्या नावाचा क्लब अजून खेळतो आहे.

तेव्हा आधी खोली बघ. जर्सीचा रंग, चिन्हावर वाघ की गरुड, हे नंतर. लॅम रोडला कुणाचं गॅरेज, एखाद्या मंडळाचं कार्यालय, काहीही चालेल. कुलपाला दोन किल्ल्या असाव्यात आणि त्यातली एक कॅम्प सोडून न जाणाऱ्या माणसाकडे. तुझे मित्र चार वर्षांत पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाणार आहेत. म्हणून समितीत निदान निम्मे लोक इथले दुकानदार, शिक्षक, निवृत्त जवान घे. निवृत्त जवान आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यांना शिट्टी वाजवायला आवडतं. संस्थेची नोंदणी 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली कर. मग जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्नता घ्यायची. मैदान आपलं नाही हे विसरू नकोस. कॅन्टोन्मेंटच्या जागेवर खेळायचं तर परवानगी लेखी घ्यायची, तोंडी नाही. साहेब बदलतात.

पत्रकावर ‘स्थापना’ म्हणून यंदाचंच साल घाल. वर्गणीचे पाचशे एक रुपये मी बाजूला काढून ठेवले आहेत, पण छापील पावतीपुस्तक आणि खजिनदाराची सही असल्याशिवाय ते मिळणार नाहीत. आणि खजिनदार तू होऊ नकोस. मागच्या वर्षीच्या सहलीचा हिशोब तू अजून दिलेला नाहीस.

तुझा,
आजोबा