नाही म्हणायचं तरी कधी?

भाचा : मावशी, मेगालोडॉन शार्क आजही खोल समुद्रात असेल, असं मला मनापासून वाटतं. १९३८ पर्यंत सीलाकँथ मासाही नामशेषच मानत होते ना?

मावशी : मानत होते. त्याचे जीवाश्म सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपतात. आणि त्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात, एका ट्रॉलरने आणलेल्या मासळीत, मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना तो निळसर, मांसल परांचा मासा दिसला. जे. एल. बी. स्मिथ यांनी तो ओळखला.

भाचा : म्हणजे इतकी वर्षं पुरावा नव्हता, पण प्राणी होता. मग पुरावा नाही म्हणून प्राणीच नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मावशी : पुरावा कुठे मिळायला हवा होता, ते आधी बघ. सीलाकँथ दिवसा १०० ते ३०० मीटर खोल, ज्वालामुखी खडकांच्या कपारींत दडून असतो. तिथले जीवाश्म सहसा आपल्या हाती लागत नाहीत. मेगालोडॉनचं तसं नाही. शार्कचे दात जन्मभर पडतात, हजारोंनी. त्याचे पंजाएवढे दात जगभर सापडतात आणि सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी थांबतात. तो देवमासे खायचा, आणि देवमाशांना श्वासासाठी वर यावंच लागतं. तो असता तर त्यांच्या अंगावर त्याचे चावे दिसले असते. खूण जिथे उमटायलाच हवी तिथे ती उमटत नाही, हाही पुरावाच.

भाचा : आणि तो बदलला असेल तर? थंड, खोल पाण्याला सरावला असेल तर?

मावशी : मग तो मेगालोडॉन कसला? आजचा सीलाकँथसुद्धा जीवाश्मांतल्या कुठल्याच जातीचा नाही. वंश टिकला, त्यातल्या जाती येत-जात राहिल्या.

भाचा : तरी 'नाही' म्हटलं की शोध थांबतो. कोमोरोस बेटांवरच्या मच्छीमारांना तो मासा 'गोंबेसा' म्हणून ठाऊकच होता. शास्त्रज्ञ त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

मावशी : हे मात्र खरं. १९५२ मध्ये दुसरा सीलाकँथ मिळाला तो तिथल्याच मच्छीमाराच्या गळाला. 'नामशेष' लिहिण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारलंच पाहिजे. घाईने 'नाही' म्हटलं तर जिवंत प्राणी वाऱ्यावर सोडल्यासारखा होतो. कधीच म्हटलं नाही, तर वाटेल ते खरं मानावं लागतं. या पेचातून मी एवढीच वाट काढते : काय दिसलं तर माझं मत बदलेल, ते आधीच सांगून ठेवते. मेगालोडॉनचा एक ताजा दात आण, मी त्याच दिवशी मानेन. तू सांग, काय दिसलं नाही तर तू सोडून देशील?

भाचा : तसं काही सुचत नाही.

मावशी : मग तू शोधत नाहीयेस, वाट बघतोयस. त्यापेक्षा सापडलेल्याकडे बघ. सीलाकँथची मादी सुमारे पाच वर्षं पिल्लं पोटात वाढवते. शार्कसाठी खोल पाण्यात सोडलेल्या जाळ्यांत ती अडकते. आफ्रिकेकडची ही जात आज अतिसंकटग्रस्त आहे.