पोट दुखत होतं

रात्रीचे साडेनऊ. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईचा मेसेज पडतो, 'भूगोलाचा उद्याचा स्वाध्याय कोणता दिलाय? प्लीज कुणीतरी फोटो टाका.' पाच मिनिटांत तीन फोटो येतात, त्यांच्याखाली अंगठे उमटतात. ज्याचा स्वाध्याय आहे तो चिरंजीव एव्हाना झोपलेला असतो, नाहीतर शेजारी बसून कार्टून बघत असतो. सहावीच्या कुठल्याही ग्रुपवर जुलै महिन्यात डोकावलं तर हेच दिसेल. यात वाईट कुणीच नाही. आई दिवसभराच्या कामानं दमलेली आहे, फोटो टाकणाऱ्या बायका भल्या आहेत. काम ज्याचं आहे त्याला मात्र कामाची खबरबात नाही.

सहावीत मुलाचं काय बदलतं हे घरात चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. पाचवीची सहावी झाली, एवढंच. राज्य मंडळाच्या शाळेत पाचवीपर्यंत 'परिसर अभ्यास' या एका नावाखाली मावणारं जग सहावीत सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र असं वेगवेगळ्या पुस्तकांत जाऊन बसतं. काही ठिकाणी शाळाही बदलते, जवळची प्राथमिक शाळा सुटून हायस्कूल येतं. पण मोठा बदल पुस्तकांचा नाही, माणसांचा आहे. खालच्या वर्गात एकच बाई बहुतेक सगळं शिकवत. आज गणितं भरपूर दिलीत, मराठीचं उद्या बघू, हा हिशेब त्यांच्या डोक्यात असे. आता तास बदलला की माणूस बदलतो. प्रत्येकानं 'अर्ध्या तासाचंच' दिलेलं असतं आणि अशा चार-पाच अर्ध्या तासांची बेरीज शाळेत कुणीच करत नाही. ती संध्याकाळी अकरा वर्षांच्या पोराला करावी लागते. केंद्र सरकारच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणानं गृहपाठाच्या मर्यादा सांगितल्या आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी रोज फार तर एक तास. म्हणजे शहाणपणानं ठरवलेल्या मर्यादेतसुद्धा पाचवीतून सहावीत जाताना काम दुपटीहून जास्त होतं. प्रत्यक्षात काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे.

तेव्हा या वयाच्या मुलाला मदत लागते, यात वाद नको. 'आमच्या वेळी कोण बघायचं आमचा अभ्यास?' असं म्हणणाऱ्या आजोबांना नमस्कार करून पुढे जावं. त्यांच्या वेळी मागे पडलेली मुलं शाळाच सोडून जात, आणि त्यांची आठवण कुणी काढत नाही.

प्रश्न मदत कसली, हा आहे. मुलाला कामाची आखणी येत नसते. उद्याचं आधी की परवाचं, अवघड आधी की सोपं, भूगोलाचा नकाशा भरायला दहा मिनिटं लागतील की तास, याचा त्याला अंदाजच नसतो. हा अंदाज शिकवता येतो. शाळेतून आल्यावर काय काय आहे ते त्यानंच कागदावर लिहायचं, प्रत्येकापुढे किती वेळ लागेल ते टाकायचं, काम झालं की खरा लागलेला वेळ शेजारी मांडायचा. पहिले काही दिवस दोन आकड्यांचा मेळ बसत नाही आणि मुलांना त्याची गंमत वाटते. रात्री वेळापत्रक बघून दप्तर त्यानंच भरायचं. एखादी वही राहिली तर राहिली, ती द्यायला वडिलांनी स्कूटर काढायची नाही. जवळ बसावं, विचारलं तर सांगावं, पेन्सिल मात्र त्याच्याच हातात असू द्यावी. इतकं सगळ्यांना कळतं. वळत नाही, कारण मधे भीती उभी असते, आणि त्या भीतीतून चिठ्ठी जन्माला येते.

'आदरणीय सर, काल त्याचं पोट दुखत होतं, त्यामुळे गृहपाठ पूर्ण करता आला नाही. कृपया समजून घ्यावे.' डायरीतल्या या मजकुरात पोट मुलाचं असतं, अक्षर आईचं असतं आणि खोटं दोघांचं असतं. काल संध्याकाळी तो मावसभावाच्या वाढदिवसाला गेला होता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. चिठ्ठी घेऊन मुलगा टेबलाजवळ उभा राहतो, सर वाचतात, मान हलवतात, 'बस जागेवर' म्हणतात. सरांनाही बहुधा कळलेलं असतं. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात कुणाकुणाचं पोट तपासत बसणार?

या खोट्याला आपण खोटं धरतच नाही. कुणाचं नुकसान झालं नाही, कुणाला फसवून पैसे घेतले नाहीत. पण त्या सकाळी मुलाला मिळालेला धडा कुठल्याही विषयाच्या धड्यापेक्षा पक्का असतो. काम झालं नाही तर कारण लागतं, कारण खरं असायची गरज नाही, आणि खाली मोठ्या माणसाची सही असली की पुरे. पुढे नोकरीत आजारपणाचा दाखला कसा मिळवायचा हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आपल्याकडची सरकारी आणि खाजगी कार्यालयं अशा दाखल्यांच्या आधारानं किती सुरळीत चालतात, ते सांगायला नको.

त्या चिठ्ठीच्या जागी एक साधं वाक्य ठेवून बघा. 'सर, काल मी वाढदिवसाला गेलो होतो, गृहपाठ झाला नाही. उद्या दाखवतो.' स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत, सरांकडे बघून हे म्हणायचं. सहावीतल्या मुलाला ते फार जड जातं. मोठ्यांनाही जातं. मला तरी गृहपाठाचं मूल्य त्यातल्या उत्तरांपेक्षा या वाक्यात जास्त दिसतं, कारण उत्तरं गाईडात आहेत आणि आता मोबाईलला विचारलं की तोही लिहून देतो. चुकलं तर चुकलं म्हणायचं आणि भरपाईची तारीख आपणच द्यायची, याचा सराव त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

पण हे वाक्य उच्चारायला वर्गात जागा हवी. आई चिठ्ठी लिहिते ती केवळ लाडापोटी नाही. मुलाला वर्गाबाहेर उभं करतील, सगळ्यांसमोर टाकून बोलतील, ही धास्ती तिला असते, आणि ती नेहमीच खोटी नसते. शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. छडी आता कमी दिसते, पण मानसिक छळात काय काय येतं याचा विचार अजून फारसा झालेला नाही. ज्या वर्गात खरं बोलणाऱ्याला दिवसभर उभं राहावं लागतं आणि चिठ्ठीवाला बसतो, तिथे खोटं बोलणारा मुलगा बिघडलेला नसतो, तो नुसता हिशेबी असतो. खरं बोलल्याची किंमत मुलाला परवडेल इतकीच असावी. 'मधल्या सुट्टीत पूर्ण करून आण', एवढी पुरते. तीसुद्धा माफ करू नये. माफी मिळाली की वाक्याला काही वजन राहत नाही.

प्रकल्पांचं प्रकरण तर याहून उघडं आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत सहावीला निम्मा भार आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाचा, आणि प्रकल्प हे त्याचं एक साधन. मुलानं हातानं काही करून बघावं, परीक्षेच्या तीन तासांवर सगळं अवलंबून राहू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. झालं काय, तर स्टेशनरीच्या दुकानात तयार सौरमाला टांगलेली दिसते. शेजारी ज्वालामुखी आणि पवनचक्कीही मिळते. प्रदर्शनाच्या दिवशी वडिलांच्या अभियांत्रिकीला पैकीच्या पैकी गुण पडतात आणि एखाद्या पोरानं स्वतः चिकटवलेला, एका बाजूला कललेला पुठ्ठ्याचा किल्ला मागच्या बाकावर जातो. त्या पोराला त्या दिवशी जे कळतं ते कुठल्याच प्रगतिपत्रकात येत नाही.

मुलांचं काम मोठ्यांनी करायचा विषय आला की साने गुरुजींची आठवण निघतेच. 1924 ते 1930 ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथलं छात्रालयही सांभाळत. मुलांच्या खोल्या ते झाडत, पसारा आवरत, अंथरुणं नीट करत, असं त्यांच्याविषयी नेहमी सांगितलं जातं. मग गुरुजींनी केलं तर प्रेम आणि आजच्या आईनं केलं तर लाड, असं कसं? फरक मला असा दिसतो की खोली आवरणं हे आपलं काम आहे, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक होतं. आपलं राहिलेलं काम गुरुजींनी केलं, याची त्यांना लाज वाटे आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतः उठत. ज्या मुलाला गृहपाठ आपला आहे हे कधी कळूच दिलं नाही, त्याला कसली लाज वाटणार? त्याच्या लेखी आईनं आईचंच काम केलेलं असतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात खुपत राहते. ज्यांच्या घरी चिठ्ठी लिहायला कुणी नाही त्या मुलांना यातलं काय लागू पडतं? दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीचे तांडे निघतात तेव्हा त्यांच्यात सहावीतल्या मुली असतात. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण सगळ्याच जणी मागे राहत नाहीत. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागच्या झोपडीत, राहून धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या मुलीला 'जबाबदारी शिक' असं सांगणं ही थट्टा आहे. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतही आई कामावरून येईपर्यंत स्वयंपाक उरकणाऱ्या मुली आहेतच. गृहपाठ न केल्याबद्दल अशा मुलीच्या वहीत लाल शेरा पडतो, आणि आईनं लिहून दिलेल्या वहीत 'छान'. इथे शिस्तीपेक्षा न्यायाचा प्रश्न मोठा आहे. जे काम घरी नेलं की घराघरातल्या फरकाचंच मोजमाप होतं, ते शक्य तितकं शाळेतच उरकावं. शेवटच्या तासाची वीस मिनिटं स्वाध्यायाला दिली तर निदान सुरुवात तरी सगळ्यांची एका छताखाली होईल. वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी दिवा, बाकं आणि दंगा न करणारी चार मोठी मुलं असली, तरी पुष्कळ होतं.

आणि गृहपाठाच्या अर्ध्या-अर्ध्या तासांची ती बेरीज? ती शिक्षकांनाच करता येईल. शिक्षकखोलीत एक फळा सहावीच्या नावानं ठेवायचा. ज्यानं गृहपाठ दिला त्यानं विषय आणि अंदाजे मिनिटं तिथे लिहायची. विज्ञानाच्या सरांना गणिताची आणि हिंदीची मिनिटं आधीच मांडलेली दिसली की ते आपलं काम गुरुवारवर ढकलतील. याला शासन निर्णय लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही, अ‍ॅप तर मुळीच नको. फळा बहुतेक शाळांच्या शिक्षकखोलीत आहेच. सध्या त्यावर रजेवरच्या शिक्षकांचे बदली तास लिहिलेले असतात, ते थोडे बाजूला सरकवावे लागतील.