कावड कोणाची?

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३.

भगवंताला प्रिय असणाऱ्या भक्ताची लक्षणं इथून सुरू होतात. पहिलं लक्षण म्हणजे कोणत्याही जिवाचा द्वेष नसणं. मग मैत्री, मग करुणा. त्यात माणूस आणि जनावर असा भेद नाही. हा श्लोक कितीतरी वेळा वाचलाय. या वेळी घाटनांदूरला, घरी असताना वाचला आणि अडलो.

झालं असं, की आदल्या रात्री काका हरभऱ्याच्या जागलीवरून उशिरा आले. हरणांचा कळप कोवळे शेंडे खाऊन गेला होता. मी सहज म्हटलं, "मुकी जनावरं आहेत काका, खाऊ द्या की थोडं."

काका शांतपणे म्हणाले, "खाऊ दे की. तुझ्या पगारातलं किती गेलं, तेवढं सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संत एकनाथांची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. गोष्ट सांगताना आपण गाढवाबद्दल बोलतो, पण कावडीबद्दल बोलत नाही. ती नाथांची स्वतःची होती, मैलोन्‌मैल स्वतःच्या खांद्यावरून आणलेली. मी मात्र काकांची कावड ओतायला निघालो होतो.

आपल्याच बीड जिल्ह्यात, पार पश्चिमेला, पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. बालाघाटाच्या डोंगरात, १९९४ साली घोषित झालेलं, जेमतेम ३० चौरस किलोमीटरचं. अशी जागा नुसत्या घोषणेवर टिकत नाही. वनरक्षक लागतात, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा लागतात, उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. शेजारच्या शेतात नुकसान झालं, तर पंचनामा आणि भरपाई वेळेत व्हावी लागते. गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवणं चांगलंच, मीही ठेवतो. पण त्यानं डोंगर राखला जात नाही. त्यासाठी सगळ्यांची मिळून एक कावड लागते, म्हणजे सरकारी तिजोरी.

"दुष्काळी जिल्ह्यात माणसांना पाणी नाही, आणि मोरांना टँकर?" हा प्रश्न कोणीही विचारेल, आणि तो खोटा नाही. इथली माणसं दरवर्षी ऊसतोडीला घर सोडून जातात. त्यांचा घास काढून मोराला द्या, असं मी म्हणणार नाही. पण माणसाला निदान मत आहे, मोर्चा आहे, अर्ज आहे. मोराला यातलं काहीच नाही, म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी बोलावं लागतं. शिवाय गवत आणि झुडपं राखलेल्या डोंगरावर माती टिकते, पाणी मुरतं. ते खालच्या विहिरींनाच मिळतं.

१९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं वन्यजीवांचं रक्षण हे राज्याचं काम ठरवलं, आणि त्याच दुरुस्तीनं प्राणिमात्रांवर दया हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं. मला यात मोठा अर्थ दिसतो. दया माझी असेल, तर खर्चही माझाच. एकट्या काकांचा नव्हे.

म्हणून आजचा संकल्प छोटा आहे. पगारातून कर कापला गेला, की आपण चिडतो. या महिन्यात चिडण्याऐवजी विचारू या, की यातलं आपल्या जिल्ह्यातल्या अभयारण्याला किती मिळालं? पीकभरपाई किती दिवसांत पोचली? आमदारांना विचारू, जिल्हा नियोजन समितीकडे विचारू. हा प्रश्न विचारणं हीसुद्धा सेवाच आहे.

काल रात्री काकांसोबत मी जागलीवर गेलो. पहाटे हरणं आली. काकांनी बॅटरी दाखवून हाकललं, दगड मारला नाही. श्लोकातलं पहिलं लक्षण त्यांच्यात आधीपासूनच होतं. खर्चाचा वाटा उचलायचं तेवढं आपल्याकडून राहिलंय.

राम कृष्ण हरी.