फॉरमॅट मारू नका (गीता 18.73)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला 73वा. गीतेत अर्जुनाचं हे शेवटचं बोलणं. मोह गेला, स्मृती परत आली, आता तू सांगशील तसं करतो, असा त्याचा भाव. मी बरेच दिवस यातल्या 'स्मृती' शब्दापाशी थांबलोय. एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, काहीतरी नवीन कळलं. अर्जुन म्हणतो, होतं ते परत मिळालं.

याचा अर्थ मला गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या जुन्या कॉम्प्युटरने समजावला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, बीप बीप व्हायचं, स्क्रीन काळीच. दुरुस्तीवाला येऊन सांगून गेला, फॉरमॅट मारावा लागेल. काकूंनी मला वर फोन केला. "अरे, ह्यांचे वारीचे फोटो आहेत रे त्यात. दुसरीकडे कुठेच नाहीत." काका जाऊन चार वर्षं झाली.

आधी प्लग काढला, मग डबा उघडला. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच घासल्या, परत नीट बसवल्या. बीप थांबला, स्क्रीन आली. पण विंडोज काही येईना, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. इथे पुन्हा पुन्हा चालू करून बघायचा मोह होतो. मी बंदच केला. हार्ड डिस्क काढली आणि केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. (डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हेसुद्धा करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.)

तीन वर्षांच्या वाऱ्या जशाच्या तशा मिळाल्या. चौथी, काकांची शेवटची, कुठेच नव्हती. भाच्याने जागा करायला म्हणून कधीतरी डिलीट केली होती, रिसायकल बिनसकट.

आता गंमत बघा. अशा डिस्कवर फाइल डिलीट केली की ती लगेच पुसली जात नाही. तिची नोंद जाते, 'ही जागा मोकळी' असं ठरतं. फोटो तिथेच पडून असतो, त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि विंडोज नुसतं चालू असलं तरी काही ना काही लिहीतच असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे थांबणं. (एसएसडी असेल तर इतका अवधी बहुतेक मिळत नाही.)

फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर साठवायचं, त्याच डिस्कवर कधीच नाही. ते फोटोच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून शोधतं, त्यामुळे फाइलचं नाव, फोल्डर काही परत येत नाही. सकाळी नुसत्या आकड्यांच्या नावाचे शेकडो फोटो. काही अर्धे करडे, कारण मधल्या काळात त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं होतं. काकू शेजारी बसल्या आणि एकेकाला नाव देत गेल्या. "हा दिवेघाट. हे वाल्हे. हे रिंगण, ह्यांची टोपी उडाली होती बघ." एका फोटोत काकांचा चेहरा होता, खाली सगळं करडं. मी तो बाजूला करत होतो. म्हणाल्या, "राहू दे तो."

दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी उलटा प्रवास सांगितलाय. विषयांचं चिंतन, मग ओढ, मग इच्छा, मग क्रोध, त्यातून मोह, आणि मोहातून स्मृती बिघडते. एकावर एक लिहीत जाणंच की हे! अर्जुन धनुर्विद्या विसरला नव्हता. शोकाने वर इतकं लिहून ठेवलं की खालचं दिसेना. (आत्म्याला 'क्लाउड बॅकअप' म्हणणारे फॉरवर्ड मला अजिबात आवडत नाहीत. तुलना एवढ्यापुरतीच घ्या.)

आपलं काय होतं? नोकरी बदलली, नामस्मरण सुटलं, सहा महिने गेले. मग वाटतं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. नवं ॲप, नवी माळ, एकवीस दिवसांचं चॅलेंज. हा आपल्या हाताने मारलेला फॉरमॅट. लहानपणी आजीबरोबर म्हटलेला हरिपाठ आत आहे. त्यावर आणखी काही ओतण्याआधी एक संध्याकाळ फोन बाजूला ठेवून बसा. अर्धवट आठवेल, मधल्या ओळी गळतील. तेवढ्यावर सुरू करा.

नाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. मूळ ग्रंथ शके 1212 चा. जवळजवळ तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. नाथांची प्रतिभा एवढी की स्वतःची नवी टीका लिहून मोकळे झाले असते. त्यांनी मूळ पाठ शोधून काढला, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं.

उद्या श्लोक 74. तिथून संजय बोलायला लागतो.